रिडबर्गचा अंक

पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेंत दरवर्षीं एक प्रयोग ठरलेला असतो. अंधाऱ्या खोलींत हायड्रोजन भरलेली कांचेची बारीक नळी विजेनें प्रकाशित करावयाची, तिचा गुलाबी प्रकाश वर्णपटदर्शकांतून पाहावयाचा, आणि त्यांत दिसणाऱ्या रंगीत रेषांचे कोन मोजून वहींत उतरावयाचे. एक रेषा तांबडी, दुसरी निळसर हिरवी, आणि पुढच्या दोन जांभळ्या. त्यांतली शेवटची तर डोळे ताणल्यावांचून दिसत नाहीं. या कोनांवरून थोडें गणित केलें म्हणजे एक अंक हातीं येतो : दर सेंटिमीटरला सुमारें एक लक्ष नऊ हजार सातशें. यालाच रिडबर्गचा स्थिरांक असें म्हणतात.

या प्रयोगाच्या वह्या मीं पुष्कळ वर्षें तपासल्या आहेत, आणि त्यांत एक गंमत नेहमींच आढळते. विद्यार्थ्याचें पहिलें उत्तर एक लक्ष दहा हजार तीनशें येतें. तो हळूच पुस्तक उघडतो, छापील अंक पाहतो, आणि रबर हातीं घेतो. एका कोनाच्या कला दोन-चारांनीं कमी होतात, दुसऱ्याच्या वाढतात, आणि उत्तर हवें तेथें येऊन बसतें. प्रयोग 'बरोबर आला' म्हणून तो निश्चिंत होतो. आणि आम्ही परीक्षकहि त्या वहीला पुरे गुण देतों, ही अधिक लाजेची गोष्ट. कारण ज्या अंकासाठीं ही खाडाखोड झाली, त्या अंकाचा इतिहास जर कांहीं सांगत असेल, तर तो एवढेंच सांगतो कीं, खोडून टाकलेल्या त्या फरकांतच पुष्कळदां सारें धन सांठविलेलें असतें. तो इतिहास वाचकांपुढें थोडक्यांत मांडावा असा माझा हेतु आहे.

सूर्याच्या वर्णपटांतील काळ्या रेषा फ्राउनहोफरनें १८१४ च्या सुमारास मोजल्या, आणि १८५९-६० मध्यें हायडेलबर्ग येथें किर्खहोफ व बुन्सेन या जोडीनें त्या रेषांचा अर्थ लावला. प्रत्येक मूलद्रव्य तापविलें असतां स्वतःच्या ठराविक रेषा दाखवितें; माणूस जसा आवाजावरून ओळखावा, तसें द्रव्य या रेषांवरून ओळखतां येतें. या शोधाचा गाजावाजा फार झाला, व तो योग्यहि होता. परंतु ओळख पटली म्हणजे कारण समजलें असें होत नाहीं. हायड्रोजनच्या रेषा नेमक्या याच ठिकाणीं कां, या प्रश्नाला कोणापाशींच उत्तर नव्हतें.

उत्तर नसतांहि मोजणाऱ्यांनीं मोजणें सोडलें नाहीं, हें विशेष. स्वीडनमधील उपसाला येथील आंगस्ट्रॉम या शास्त्रज्ञानें १८६८ मध्यें सूर्याच्या वर्णपटाचा आपला प्रसिद्ध नकाशा प्रकाशित केला. मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाला आज त्याचेंच नांव आहे. या मापानें त्यानें हायड्रोजनच्या चार रेषांच्या तरंगलांबी ठरविल्या : ६५६२.१०, ४८६०.७४, ४३४०.१ आणि ४१०१.२. यांतील दशांश चिन्हापुढील आंकड्यांचा त्या काळीं कोणाला कांहींच उपयोग नव्हता. परंतु आपल्या यंत्रांतून जेवढें खरेंपणानें सांगतां येतें तेवढें सांगावें, या एकाच निष्ठेनें तो ते लिहून गेला.

आयर्लंडमधील स्टोनी यानें १८७१ मध्यें या आंकड्यांचा संबंध संगीताशीं जोडून पाहिला. सतारीची तार छेडली असतां मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे स्वरहि उमटतात. त्याप्रमाणें हायड्रोजनच्या पहिल्या, दुसऱ्या व चौथ्या रेषा म्हणजे एकाच मूळ कंपनाचे विसावे, सत्ताविसावे व बत्तिसावे स्वर होत, असें त्यानें दाखविलें. आंकडे सुरेख जुळले. फक्त तिसरी रेषा या सुरावटींत बसेना. पुढें १८८१ मध्यें शुस्टर यानें पुष्कळ द्रव्यांच्या रेषा तपासून असें सिद्ध केलें कीं, अशा जुळण्या केवळ योगायोगानेंहि तितक्याच वेळां सांपडतात. फरक खोडून टाकणें ही जशी एक चूक, तशी जुळणीवर भाळणें ही दुसरी. शुस्टरचा हा धडा विसरण्याजोगा नाहीं.

हा गुंता ज्यानें सोडविला, तो पदार्थविज्ञानाचा पंडित नव्हताच. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरीं मुलींच्या शाळेंत गणित शिकविणारा योहान याकोब बामर हा तो मनुष्य होय. १८८५ मध्यें, वयाच्या साठाव्या वर्षीं, त्यानें हें सूत्र प्रसिद्ध केलें. त्यानें त्या चार तरंगलांबींना एकच मूळ माप दिलें, ३६४५.६, आणि दाखविलें कीं, या मापाला अनुक्रमें ९/५, ४/३, २५/२१ आणि ९/८ यांनीं गुणलें असतां चारहि रेषा मिळतात. येथवरची जुळणी चिकाटीनें कोणालाहि साधली असती. बामरची खरी प्रतिभा पुढें आहे. शाळेंत आपण अपूर्णांकाला संक्षेप देण्यास शिकवितों. या शाळामास्तरानें उलट केलें. ४/३ चे त्यानें १६/१२ केले, ९/८ चे ३६/३२ केले, आणि मग चारी अंश ३, ४, ५, ६ यांचे वर्ग होऊन रांगेंत उभे राहिले. छेदांत तेच वर्ग, प्रत्येकांतून ४ वजा केलेले. नियम हातीं लागला. गणितानें आलेल्या व आंगस्ट्रॉमनें मोजलेल्या लांबींत दशांशाच्या पहिल्या स्थानीं एखाददुसऱ्याचाच फरक राहिला. ते 'निरुपयोगी' आंकडे असे कामास आले. ते नसते तर बामरच्या नियमाला स्टोनीच्या नियमापेक्षां अधिक मान देण्याचें कारणच नव्हतें.

सात या संख्येवरून पांचवी रेषाहि असली पाहिजे, असें बामरनें गणितानें काढलें. तेथील प्राध्यापक हागेनबाख यानें त्याला सांगितलें कीं, ती रेषाच काय, पण तिच्या पुढच्याहि कित्येक रेषा शुभ्र ताऱ्यांच्या प्रकाशांत हगिन्स यानें व प्रयोगशाळेंत फोगेल यानें मोजून ठेवल्या आहेत. ताडून पाहतां त्याहि सूत्रांत बसल्या. परमाणु कसा असतो याचा एक शब्दहि न उच्चारतां परमाणूच्या वर्तनाचा नियम सांपडला होता.

आतां ज्याचें नांव या अंकाला मिळालें त्याच्याकडे वळूं. योहानेस रॉबर्ट रिडबर्ग याचा जन्म स्वीडनमधील हाल्मस्टाड गांवीं १८५४ सालीं झाला. लुंड येथील विद्यापीठांत त्यानें गणिताची पदवी घेतली, आणि तेथेंच सारा जन्म काढला. त्याच्या मनाला एकच ध्यास होता : मेंडेलेयेफच्या कोष्टकांत मूलद्रव्यांचे गुण ठराविक अंतरानें पुनः पुनः कां येतात? याचें उत्तर परमाणूच्या रचनेंत असलें पाहिजे, आणि त्या रचनेची बातमी बाहेर आणणारा दूत म्हणजे वर्णपट, असें त्यानें ठरविलें. त्यानें स्वतः नवीं मोजमापें करण्यापेक्षां इतरांनीं छापलेलीं कोष्टकें गोळा केलीं. लिथियम, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, झिंक, असे एकेक द्रव्य घेऊन त्याच्या रेषा तो आलेखावर मांडीत बसला.

त्याची पहिली युक्ति अगदीं साधी होती. तरंगाची लांबी न घेतां एका सेंटिमीटरांत किती तरंग मावतात ती संख्या घ्यावयाची. हिलाच तरंगसंख्या म्हणतात. असें करतांच विस्कळित दिसणाऱ्या रेषा मालिकांत बसूं लागल्या; प्रत्येक मालिकेंतील रेषा एका सीमेकडे अधिकाधिक दाट होत जातात, आणि निरनिराळ्या द्रव्यांच्या मालिकांचें वळण एकसारखें असतें, हें त्याच्या दृष्टीला पडलें. हें वळण शब्दांत पकडण्यासाठीं तो सूत्र शोधीत असतां बामरचें सूत्र त्याच्या पाहण्यांत आलें. त्यानें तें आपल्या रीतीनें उलटें करून लिहिलें. मग हायड्रोजनची तांबडी रेषा म्हणजे १,०९,७२१ या अंकाला एक-चतुर्थांश वजा एक-नवमांश यानें गुणल्याचें फळ ठरली : १५,२३९ तरंग. पुढच्या रेषेला नवमांशाऐवजीं षोडशांश, तिच्या पुढच्या रेषेला पंचविसांश. इतर द्रव्यांत ३, ४, ५ या पूर्ण संख्यांना प्रत्येक मालिकेचा स्वतःचा एक अपूर्णांक जोडावा लागतो. एवढें केलें कीं सूत्र तेंच.

आणि वरचा अंकहि तोच! रिडबर्गच्या शोधाचा गाभा हा आहे. सोडियमची पिवळी झळाळी, लिथियमचा लाल रंग, हायड्रोजनची गुलाबी छटा, या साऱ्यांच्या मुळाशीं एकच संख्या. गांवोगांवचीं पिकें निराळीं असावींत, पण मोजण्याची पायली सर्वत्र एकच निघावी, तसा हा प्रकार झाला. १८९० मध्यें हा प्रबंध स्वीडिश शास्त्रसंस्थेच्या ग्रंथमालेंत फ्रेंच भाषेंत प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास जर्मनींत कायझर आणि रुंगे हे दोघे विद्वान फार उत्तम मोजमापें करीत होते, व त्यांचें सूत्र कांहीं रेषांना रिडबर्गच्या सूत्राहून अधिक चांगलें लागूं पडे. परंतु त्यांत प्रत्येक द्रव्याला स्वतंत्र अंक होते. सर्वांना सामान्य असा अंक रिडबर्गपाशींच होता.

लौकिक दृष्ट्या मात्र या शोधानें त्याचें भाग्य फारसें उजळलें नाहीं. कायमचें प्राध्यापकपद मिळावयास १९०१ साल उजाडावें लागलें, आणि ज्या शास्त्रसंस्थेनें त्याचा प्रबंध छापला तिनें त्याला सभासद करून घेतलें नाहीं. लंडनच्या रॉयल सोसायटीनें १९१९ मध्यें त्याला परदेशी सभासद निवडलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तो वारला.

या अंकाच्या कथेंत आपल्या मुलखाचाहि एक प्रसंग येतो. २२ जानेवारी १८९८ रोजीं जें खग्रास सूर्यग्रहण झालें, त्याची छाया कोंकण किनाऱ्यावर उतरून वऱ्हाडावरून पुढें गेली. ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या मंडळींचा एक तळ वऱ्हाडांतील तळणी येथें पडला होता, व त्यांत जॉन एव्हरशेड हा तरुण वेधकर्ता होता. सूर्यबिंब झांकलें जातां जातां त्याच्या कडेचा पातळ थर क्षणभर चमकतो. त्या क्षणाचे वर्णपट त्यानें छायाचित्रांत टिपले. त्यांत बामरच्या मालिकेंतील रेषा जांभळ्याच्या पलीकडील अदृश्य प्रकाशांत दाट दाट होत गेलेल्या दिसल्या. आणि मालिकेची जेथें सीमा, त्या ३६४६ च्या सुमारास रेषा संपून पुढें अखंड प्रकाशाचा पट्टा लागलेला आढळला. ही सीमा म्हणजे बामरचें मूळ माप, अर्थात् रिडबर्गच्या अंकानें चाराला भागल्यावर येणारी लांबी! त्या सीमेपलीकडे रेषा कां नाहींत, तर तेथें परमाणूंतील विद्युत्कण परमाणूच्या बंधनांतला नसून मोकळा असतो, हा उलगडा पंधरा वर्षांनंतरच्या सिद्धांतानें झाला. एव्हरशेड पुढें कोडाईकनालच्या वेधशाळेचा संचालक झाला. बामर मात्र त्या ग्रहणानंतर बरोबर सात आठवड्यांनीं, १२ मार्च १८९८ रोजीं, आपल्या सूत्राचें कारण न कळतांच निधन पावला.

तें कारण १९१३ मध्यें डेन्मार्कच्या नील्स बोर या सत्तावीस वर्षांच्या तरुणानें दिलें. परमाणूच्या मध्यभागीं जड केंद्र, भोंवतीं विद्युत्कण फिरत आहे. पण तो वाटेल त्या कक्षेंत नव्हे, कांहीं ठराविक कक्षांतच फिरूं शकतो. एका कक्षेंतून दुसरींत उडी मारतांना तो प्रकाश देतो. या कल्पनेंतून बामरचें सूत्र तर आलेंच, पण रिडबर्गचा अंकहि विद्युत्कणाचें वस्तुमान, त्याचा विद्युद्भार, प्लांकचा स्थिरांक आणि प्रकाशाचा वेग यांवरून गणितानें काढतां आला. बोरच्या गणितानें तो कंपनांच्या मापांत ३.१ आला, मोजलेला होता ३.२९. म्हणजे फरक शेंकडा सहांचा. आमच्या विद्यार्थ्यानें येथें नक्कीच रबर उचललें असतें. बोरनें दोन्ही अंक तसेच छापले. कारण विद्युद्भार आणि प्लांकचा स्थिरांक हेच त्या वेळीं तितपत अंदाजानें ठाऊक होते. त्यांतून निघालेल्या उत्तरांत शेंकडा सहांची तफावत ही तक्रारीची बाब नव्हती.

परंतु लगेच दुसरा एक फरक पुढें आला, आणि तो या सहांच्या मानानें अगदींच क्षुल्लक होता. झीटा प्युपिस नांवाच्या दक्षिणेकडील ताऱ्याच्या प्रकाशांत पिकरिंग यानें १८९६ मध्यें कांहीं अनोळखी रेषा पाहिल्या होत्या, व तशाच रेषा लंडनच्या फाउलर यानें १९१२ मध्यें हायड्रोजन व हेलियम यांच्या मिश्रणांत मिळविल्या. सर्वांनीं त्या हायड्रोजनच्या मानल्या होत्या. बोर म्हणाला, या हेलियमच्या आहेत. हेलियमच्या केंद्राचा भार दुप्पट, म्हणून येथें रिडबर्गचा अंक चौपट घ्यावा. त्यावर फाउलरनें 'नेचर' साप्ताहिकांत शंका काढली : माझीं मोजमापें घेतलीं तर गुणक चार येत नाहीं, ४.००१६ येतो, आणि माझ्या मोजमापांत एवढी चूक असणें शक्य नाहीं.

चाराच्या पुढें सोळा दशसहस्रांश! पण बोरनें ही बाकी सोडून दिली नाहीं. विद्युत्कण फिरतांना केंद्र अगदीं स्थिर राहतें असें आपण सोयीसाठीं मानलें होतें; वस्तुतः दोघेहि आपल्या सामाईक मध्याभोंवतीं फिरतात. हायड्रोजनचें केंद्र विद्युत्कणाच्या सुमारें १८३६ पट जड आहे, हेलियमचें त्याच्याहि चौपट. तेव्हां हायड्रोजनचें केंद्र अधिक डुलतें, हेलियमचें कमी. हा हिशेब केला असतां गुणक ४.००१६३ येतो, असें त्यानें उत्तर दिलें, आणि फाउलरचें समाधान झालें. शेंकडा सहांचा फरक निरुपद्रवी ठरला, आणि दहा हजारांत चारांचा फरक नव्या सिद्धांताचा सर्वांत भक्कम पुरावा ठरला. फरकाला महत्त्व त्याच्या आकारावरून येत नाहीं. आपलें मापन किती विश्वासाचें आहे यावरून येतें.

रिडबर्गचें मूळ म्हणणें मात्र यामुळें थोडें सुधारावें लागलें. अंक सर्वांना एक नव्हे, अगदीं जवळजवळ एक : हायड्रोजनला १,०९,६७७, आणि केंद्र अनंत जड मानलें तर १,०९,७३७. बाकीचीं द्रव्यें या दोहोंच्या मध्यें. या साठांच्या पट्ट्यांत केंद्राचें वजन लिहिलेलें असतें, असें म्हटलें तरी चालेल.

तें वजन वाचण्याचें काम अमेरिकेंत हॅरल्ड यूरी यानें १९३१ मध्यें केलें. दुप्पट वजनाचा हायड्रोजन असेल तर त्याचा रिडबर्ग-अंक सुमारें तीसनें मोठा असला पाहिजे, आणि त्याची तांबडी रेषा नेहमींच्या रेषेपासून जांभळ्या बाजूला सुमारें १.८ आंगस्ट्रॉमवर पडली पाहिजे, हें गणित आधींच करतां येत होतें. ब्रिकवेड्डे यानें द्रवरूप हायड्रोजन हळूहळू उडवून उरलेला अर्क यूरीकडे पाठविला, आणि मर्फीसह काढलेल्या छायाचित्रांत त्या नेमक्या जागीं अस्पष्ट रेषा उमटल्या. जड हायड्रोजन सांपडला. यूरीला १९३४ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. यांत एक विनोदहि आहे. असा जड भाऊ असावा हा संशय हायड्रोजनच्या वजनाच्या दोन मापनांतील फरकावरून आला होता. आणि पुढें असें निष्पन्न झालें कीं, त्यांतील एक मापनच किंचित् चुकलें होतें. संशयाचा पाया गेला, पण शोध राहिला. कारण रेषा ज्या जागीं उमटली ती जागा रिडबर्गच्या अंकानें आधींच नेमून दिली होती.

त्यानंतरची कथा लवकर सांगण्याजोगी आहे. १९४७ मध्यें लॅम्ब व रेदरफर्ड (हा अणुकेंद्र शोधणारा रदरफर्ड नव्हे) यांनीं हायड्रोजनच्या दोन पायऱ्या, ज्या सिद्धांताप्रमाणें एकाच पातळीवर असावयास हव्या होत्या, त्यांत अगदीं सूक्ष्म अंतर मोजलें, आणि त्या अंतरांतून प्रकाश व विद्युत्कण यांच्या संबंधाचें नवें शास्त्र उभें राहिलें. पुढें लेझरच्या साह्यानें हायड्रोजनच्या रेषा इतक्या बारकाईनें मोजल्या गेल्या कीं, केंद्राचा आकारहि हिशेबांत धरावा लागला. २०१० मध्यें स्वित्झर्लंडमधील एका प्रयोगांत केंद्राची त्रिज्या प्रचलित मानापेक्षां शेंकडा चार लहान भरली. कित्येक वर्षें वाद चालला. आणि अखेर २०१८ च्या अधिकृत कोष्टकांत लहान त्रिज्या स्वीकारली गेली, तसा रिडबर्गचा अंकहि दुरुस्त झाला. दर मीटरला १,०९,७३,७३१.५६८५०८ होता, तो १,०९,७३,७३१.५६८१६० झाला. ज्या अंकाची अनिश्चितता आज लाख कोटींत एखाददुसऱ्या भागाएवढीच उरली आहे, त्याच्याहि शेपटाला हात लावण्यास शास्त्रज्ञांना संकोच वाटला नाहीं.

केप्लरनें मंगळाच्या स्थानांतील आठ कलांचा फरक दृष्टीआड केला असता तर ग्रहांच्या कक्षा वर्तुळाकारच राहिल्या असत्या, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. आठ कला म्हणजे आमच्या विद्यार्थ्याच्या रबराचे दोन फटकारे. त्याच्या वहींतील फरक बहुधा यंत्र नीट न बसविल्याचा, किंवा डोळ्यांच्या थकव्याचाच असतो, हें मला कबूल आहे. त्यांत नवा परमाणु दडलेला नसतो. पण चुकीचा फरक कोणता आणि खरा फरक कोणता, हें ओळखण्याची विद्या दोन्ही फरक जागेवर राहूं दिले तरच येते. यंदा मीं विद्यार्थ्यांना सांगितलें आहे कीं, या प्रयोगाच्या वह्या शाईनें लिहावयाच्या. उत्तर पुस्तकाशीं न जुळल्याबद्दल कोणाचेहि गुण कापले जाणार नाहींत. खाडाखोड दिसली तर मात्र कापले जातील. पहिल्या आठवड्यांत आलेल्या वह्यांत सरासरी उत्तरें पूर्वींपेक्षां पुष्कळ वाईट आहेत. मला तीं फार आवडलीं.